जागा शिल्लक नाही

मोबाइलच्या दुकानात काउंटरवर अकरा वर्षं उभी राहिल्यावर गिऱ्हाईक दारातून आत येतानाच कळतं. कॅमेऱ्यासाठी आलेला माणूस आधी स्वतःचाच फोटो काढतो. बॅटरीसाठी आलेला जुन्या फोनचं रडगाणं गातच शिरतो. बायकोसाठी फोन घ्यायला आलेला रंग विचारतो आणि मग बाहेर जाऊन बायकोलाच फोन लावतो. पेन्सिलदादांचं मात्र मला पहिल्या दिवशी काहीच कळलं नाही.

पंचेचाळिशीच्या आसपासचा, उंच, किडकिडीत माणूस. शर्टाच्या शिवणीत लाकडाचा भुसा, कानावर सुताराची चपटी पेन्सिल. मांडून ठेवलेल्या फोनांपैकी एकाचाही पडदा त्यांनी पाहिला नाही. एकेक फोन उचलायचे, उलटा करायचे, पाठीवरून अंगठा फिरवायचे आणि नखानं टिचकी मारायचे. मी आपली नेहमीची टेप सुरू केली, "हा बघा काका, यात कॅमेरा एकदम..."

ते हसले. कानाला हात लावून त्यांनी मान हलवली, काउंटरवरचं बिलाचं पॅड ओढलं आणि कानावरची पेन्सिल काढून लिहिलं, "ऐकू नाही. गजर लाव. आवाज बंद. सगळ्यांना."

मला वाटलं, झालं, आज दुपार गेली. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. मी डेमोच्या पाचही फोनांत गजर लावले, आवाज बंद करून नुसती थरथर ठेवली. मग त्या माणसानं जे केलं ते आमच्या दुकानात आधी कुणी केलं नव्हतं. प्रत्येक फोन त्यांनी आधी शर्टाच्या खिशात ठेवून पाहिला, मग मनगटाच्या हाडावर, मग काउंटरच्या लाकडी फळीवर. फळीवर ठेवला की स्वतः चार पावलं लांब जायचे, तिथे कोपर टेकवायचे आणि डोळे मिटायचे.

प्लॅस्टिकच्या पाठीचा फोन बाजूला सारून त्यांनी लिहिलं, "मऊ. थरथर पिऊन टाकतो." काचेच्या पाठीचा फोन ओल्या साबणासारखा दोनदा हातातून सटकला, त्यापुढे नुसती फुली मारली. चौथा फोन धातूचा होता. जड, कडा सपाट, दिसायला अगदी ओबडधोबड. कंपनीनं तो का काढला असेल असं मलाच वाटायचं. तो फळीवर थरथरला आणि पलीकडच्या टोकाला कोपर टेकून उभ्या असलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर असं हसू आलं, जसं कुणी त्यांना नावानं हाक मारली असावी.

मग त्यांनी तो फोन उभा केला. कशाचाही आधार न देता, सपाट कडेवर. तो उभा राहिला. दादांनी दोन्ही हात वर करून मला दाखवले. हात मोकळे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हातानं बोलणाऱ्या माणसाला फोन हातात धरून बोलता येत नाही.

स्टोरेजवर मात्र आमचं वाजलं. मी लिहिलं, कमी जागेचा घ्या, बाकीचं क्लाउडवर टाका, स्वस्तात पडेल. त्यांनी विचारलं, "क्लाउड काय?" मी पॅडवर एक ढग काढला, त्यातून फोनपर्यंत बाण काढले. त्यांनी बराच वेळ ते चित्र पाहिलं आणि खाली लिहिलं, "कुणाचा?"

कंपनीचा, मी लिहिलं.

"माझी ट्रंक. दुसऱ्याचं घर. का?"

ते त्या मॉडेलमधला सगळ्यांत जास्त जागेचा फोन घेऊन गेले. जुन्या फोनमधलं सगळं नव्यात घालून देताना मी पाहिलं, त्यात गाणी नव्हती, सिनेमे नव्हते. चार हजारांच्या वर व्हिडिओ होते आणि जवळजवळ प्रत्येकात एकच बाई, कधी ओट्यापाशी, कधी शिलाई मशीनमागे, कधी जिन्यात, दोन्ही हातांनी काहीतरी सांगत असलेली. आपण फोनवर बोलतो ते बोलून झालं की संपतं. या दोघांचं 'येताना साबण आण' सुद्धा व्हिडिओ होऊन साठत होतं.

ती बाई म्हणजे वहिनी.

त्यांची माझी ओळख सहा महिन्यांनी झाली, त्यांना फोन घ्यायचा होता तेव्हा. सोबत दादा होते आणि दादांची मोठी बहीण होती. त्यांना सगळे ताईच म्हणतात, मीही तेच म्हणू लागले. ताईंना ऐकू येतं. लहानपणापासून भावाचे कान आणि तोंड त्याच झालेल्या. दादांची हकीकत मला तुकड्यातुकड्यानं त्यांच्याकडूनच कळली. तीन वर्षांचे असताना तापात कान गेले. आई वर्षभर त्यांच्या पाठीमागे उभी राहून ताट वाजवायची, आज तरी वळेल म्हणून. सातव्या वर्षी मुक्याबहिऱ्यांच्या निवासी शाळेत घातलं. तिथे लाकूडकाम शिकवायचे. रंध्याची धार नीट आहे की नाही हे ऐकू येणारे सुतार आवाजावरून ओळखतात, हे तळहातावरून ओळखायला शिकले. पुढे ज्या कारखान्यात लागले, तिथे तेवीस वर्षं दारं आणि चौकटी बनवल्या. पेन्सिलदादा हे नाव तिथलंच.

वहिनी त्याच शाळेतल्या, दोन वर्षं मागच्या. जन्मतःच बहिऱ्या. त्या शिवण शिकल्या. लग्न ठरलं तेव्हा दोन्ही घरच्यांनी डोक्याला हात लावला होता. रात्री दार वाजलं तर, गॅस राहिला तर, मूल रडलं तर. मूल झालंच नाही. दाराला दादांनी एक दोरी लावली, बाहेरून ओढली की आत दिवा लागायचा. ताई खालच्या मजल्यावर राहायला आल्या. संसार झाला.

"आणि भांडण कसं करतात?" मी एकदा न राहवून विचारलं होतं.

"फार सोपं आहे," ताई म्हणाल्या. "जिला ऐकायचं नसतं ती डोळे मिटून घेते. मग हा दिवे उघडझाप करत बसतो."

वहिनींना फोन घ्यायचा होता त्या दिवशी ते भांडण मी प्रत्यक्ष पाहिलं. त्यांना हवा होता हलका, प्लॅस्टिकचा, आणि तोही जांभळा. जागा सगळ्यांत कमी. दादांना ते पटेना. दोघं काउंटरसमोर असे तावातावानं बोलत होते की चार्जर घ्यायला आलेले दोघं जण चार्जर विसरून उभे राहिले. दुकानात चिटपाखरू नसल्यासारखी शांतता आणि मधोमध हा कल्लोळ.

"काय म्हणतायत?" मी ताईंना विचारलं.

"तो म्हणतोय, मोडेल, भरेल, पुसून जाईल. ती म्हणतेय, तुझ्या फोननं माझा पदर खाली ओढला जातो, तो फोन आहे की दगडी पाटा? आणि म्हणतेय, तू रंध्याचा भुसासुद्धा टाकत नाहीस, तुला मी काय सांगू."

वहिनींना क्लाउड एका मिनिटात पटला. मी काढलेला ढग पाहून त्यांनी टाळीच वाजवली. वर जाऊ दे, इथे पसारा नको. मी त्यांचं खातं उघडून दिलं, फुकट मिळते तेवढी जागा लावून दिली आणि पासवर्ड त्यांच्या मापांच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून दिला. त्यांनी ताईंना विचारायला लावलं, जागा पुरेल ना?

"तुम्हाला पुरेल," मी म्हणाले.

जाताना वहिनींनी मला माझं नाव दिलं. त्यांच्यात नाव उच्चारायचं नसतं, दाखवायचं असतं. चष्मा सारखा घसरतो म्हणून नाकावर बोट ठेवून वर ढकलायचं, ते माझं नाव. त्यांचं स्वतःचं नाव, गालावर खळी पडते तिथे दोन बोटं. दादांचं, अर्थातच, कानावरची पेन्सिल.

पुढची तीन वर्षं ते दोघं अधूनमधून येत राहिले. वहिनी यायच्या त्या कव्हर बदलायला. त्यांचा फोन चार वेळा जिन्यावरून पडला आणि चारही वेळा काही झालं नाही, प्लॅस्टिक तेवढं चेमटलं. दादा यायचे ते जागेसाठी. एवढा मोठा फोन, पण दिवसाला पंधरावीस व्हिडिओ म्हटल्यावर तो किती पुरणार? मी म्हणायचे, जुने पुसा. ते हात जोडायचे. एकदा मी त्यांचे जुने व्हिडिओ एका हार्ड डिस्कवर उतरवून दिले आणि फोन मोकळा केला. ती डबी हातात घेऊन त्यांनी लिहिलं, "दिसत नाही. झोपली." तरी घेऊन गेले. ताई म्हणाल्या, कपाटात शर्टांच्या खाली ठेवलीय.

मग वहिनींच्या आईचं मांडीचं हाड मोडलं. आई दुसऱ्या गावात, वहिनींच्या भावाकडे होती. भाऊ आणि भावजय दोघंही नोकरीवर जाणारे, म्हणून वहिनी तिकडे गेल्या. पंधरा दिवसांसाठी म्हणून गेल्या आणि चार महिने राहिल्या.

लग्नाला बावीस वर्षं झालेली आणि दोघं पहिल्यांदाच इतके दिवस लांब. दोघांच्या फोनांवर व्हिडिओंचा नुसता पूर लोटला. सकाळी उठल्यावर, कामावर निघताना, जेवणाच्या सुट्टीत, दिवा मालवण्याआधी. कारखान्यातल्या माणसांनी मला नंतर सांगितलं, दादा कामाच्या टेबलावर गोंदाच्या डब्याशेजारी फोन उभा करून जेवायचे. एका हातानं जेवण, दुसऱ्या हातानं गप्पा. वहिनी चिडायच्या म्हणे, अर्धी वाक्यं बोलू नकोस, आधी जेव.

चौथ्या महिन्याच्या शेवटी वहिनींच्या पोटात दुखायला लागलं. दोन दिवस अंगावर काढलं. तिसऱ्या दिवशी भावानं इस्पितळात दाखल केलं आणि ताईंना फोन करून सांगितलं, साधंच आहे, पित्ताचा खडा आहे, काढून टाकतील, घाबरवू नका त्याला. हे मंगळवारी.

त्या इस्पितळात हातांची भाषा कुणालाच येत नव्हती. भाऊ कामावरून संध्याकाळी यायचा, त्याला चारदोन खुणा यायच्या तेवढ्याच. वहिनींना मराठी लिहिता यायचं, पण उजव्या हाताला सलाइन लावलेलं. म्हणजे दिवसभर त्यांचं बोलणं समजेल असा माणूस एकच, तो त्या जांभळ्या फोनात. मंगळवारी त्यांनी तीन व्हिडिओ पाठवले. दादांनी तिन्ही पाहिले. त्यात त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या घोरण्याची नक्कल केली होती. ऐकू येत नसताना घोरण्याची नक्कल. पोट कसं हलतं ते पाहून केलेली.

बुधवारी चार व्हिडिओ आले. त्यातला एकही उघडला नाही.

दादा त्या दिवशी एका नव्या इमारतीत दारं बसवत होते. फोनवर धुरकट चित्र यायचं, त्यावर गोल फिरत राहायचं आणि मग इंग्रजीत काहीतरी उमटायचं. त्यांना वाटलं, इमारतीत रेंज नाही. जिना उतरून रस्त्यावर आले, तरी तेच. मग दुपारी मुकादमाला सांगून ते आमच्या दुकानात आले.

त्या दुपारी आमच्याकडे नव्या मॉडेलची विक्री सुरू झाली होती. दारापर्यंत रांग. मालक स्वतः काउंटरवर आणि मी एका वेळी तिघांशी बोलत होते. गर्दीच्या वरून दादांचा हात दिसला, त्यात तो धातूचा फोन. मी मान उंच करून पडद्यावरची ओळ वाचली. जागा शिल्लक नाही. नेहमीचंच, मी मनात म्हटलं. पॅडवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "उद्या या," आणि ते उंच धरलं.

त्यांनी वाचलं. पेन्सिल काढली, मग पुन्हा कानावर ठेवली. मान डोलावून निघून गेले. दहा मिनिटांचं काम होतं.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. गुरुवारी पहाटेच वहिनींना खाली ऑपरेशनला नेलं होतं, खड्यापेक्षा भारी काहीतरी निघालं, सूज आतवर पसरली होती. सकाळी आठच्या सुमाराला त्या गेल्या. भावाचा फोन ताईंना आला. ताई वर गेल्या. दादा दाढी करत होते. आरशात त्यांना ताईंचा चेहरा दिसला आणि ताईंनी हात उचलायच्या आधीच त्यांनी पाण्यात वस्तरा सोडून दिला.

मला हे सगळं कळलं दीड महिन्यानं, दादा दुकानात आले तेव्हा. सोबत ताई. त्यांनी फोन माझ्यासमोर उभा न करता आडवा ठेवला. ताई हळूच म्हणाल्या, "चार व्हिडिओ आहेत बुधवारचे. ते तेवढे उघडून दे गं."

मी आधी जागा मोकळी केली. मग पहिल्या व्हिडिओवर बोट ठेवलं. गोल फिरलं आणि नवीच ओळ आली. त्या अॅपवाल्यांकडे न उघडलेला व्हिडिओ महिनाभरच राहतो. मुदत संपली होती. चारही तसेच. पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा, असं खाली लिहिलं होतं. मी ती ओळ ताईंना वाचून दाखवली नाही.

"वहिनींचा फोन कुठाय?" मी विचारलं.

ताईंनी पिशवीतून तो जांभळा फोन काढला. उघडून पाहिला तर आत दुसऱ्याच कुणाचे फोटो. झालं होतं असं, की इस्पितळानं वस्तू परत केल्या तेव्हा भावजयीनं तो फोन पुसून स्वच्छ केला, आतूनसुद्धा, आणि स्वतःच्या आईला वापरायला दिला. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. माणूस गेल्यावर कपडे धुऊन देतात तसंच तिनं केलं. ताईंनी मागितल्यावर तिनं तो लगेच परत दिला, रडलीही.

मग मला आठवला ढग.

"क्लाउड आहे ना!" मी जवळजवळ ओरडलेच. "वहिनींचं सगळं वर जात होतं!"

ताईंनी खुणेनं सांगितल्यावर दादा तसेच उठले. घरी जाऊन मापांची वही घेऊन आले. पुठ्ठ्यावर माझ्याच अक्षरात पासवर्ड. वहिनींचं सिमकार्ड भावानं जपून ठेवलं होतं, ते ताईंच्या पाकिटात होतं. ते घातलं, त्यावर ओटीपीचा नंबर आला, तो टाकला आणि खातं उघडलं.

आत वहिनी होत्या. शेकड्यांनी. ओट्यापाशी, मशीनमागे, आईच्या खाटेपाशी. मी खाली, खाली, आणखी खाली सरकवत गेले. शेवटचा व्हिडिओ होता त्या जायच्या नऊ आठवडे आधीचा. त्याच्यापुढे काही नाही. वर एक लाल पट्टी होती. तुमची जागा संपली आहे, यापुढचं साठवलं जाणार नाही. ती पट्टी त्यांना नऊ आठवडे रोज दिसत असणार, इंग्रजीत, आणि त्या रोज तिला बोटानं बाजूला सारत असणार. फुकटातली जागा, जी मी लावून दिली होती आणि पुरेल म्हणाले होते.

वहिनींचा ढगही भरला होता आणि दादांची ट्रंकही.

मी मान वर केली नाही. पॅड ओढलं आणि लिहिलं, "त्या दिवशी मी 'उद्या या' म्हटलं. चूक माझी."

दादांनी वाचलं. पेन्सिल घेतली. मग स्वतःचा फोन माझ्यासमोर धरला आणि त्या चार धुरकट चौकोनांच्या खाली बोट ठेवलं. तिथे बुधवारी दुपारी त्यांनी स्वतः टाइप केलेलं होतं. "नंतर बघतो. काम." त्याच्याखाली वहिनींनी अंगठा पाठवला होता. बरं.

पॅडवर त्यांनी लिहिलं, "मीपण."

त्याखाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली. "एक जुना पुसला, तर नवा उघडला असता?"

हो, उघडला असता. एकच पुसला असता तरी पुरे होता. साबण आण म्हणणारा कुठलाही एक.

मी लिहिलं, "नाही."

चेहरे वाचण्यातच ज्याचा जन्म गेला, त्या माणसासमोर खोटं बोलणं सोपं नसतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कागद फाडून, घडी करून खिशात ठेवला आणि नाकावर बोट ठेवून वर ढकललं. माझं नाव. नुसतं नाव घेतलं.

चार चौकोनांतलं शेवटचं चित्र मी जमेल तेवढं मोठं करून दिलं. धुक्यातून दिसावी तशी उशी, केस, आणि छातीवर टेकलेला एक हात. ताईंनी विचारलं, काय म्हणत असेल? दादांनी स्वतःचा हात छातीवर ठेवून दाखवला.

"मी," ताई म्हणाल्या. "'मी' म्हणून सुरुवात केलीय तिनं. पुढे काय ते नाही."

यानंतरचं ताईंनी मला सांगितलं. महिनाभरानं दादांनी हट्ट धरला, त्या इस्पितळात जायचं. दोघं गेले. तिथली डॉक्टरीण बदलून गेली होती, परिचारिकांना नीट आठवेना. पण वॉर्ड पुसणाऱ्या मावशींना आठवलं. "ती मुकी बाई ना? जांभळ्या फोनवाली? दिवसभर फोनपुढे हात करायची बिचारी. मीच फोन धरून उभी राहायचे, तिचा एक हात अडकलेला ना."

म्हणजे ते चार व्हिडिओ या मावशींनी धरलेल्या फोनवर निघाले होते. त्यांनी सगळं समोरून पाहिलं होतं. कळलं मात्र काही नव्हतं.

"काय करायची? कसे हात करायची?" ताईंनी विचारलं.

मावशींनी झाडू भिंतीला टेकवला, पदराला हात पुसले आणि आठवून आठवून दाखवायला लागल्या. परक्या भाषेतले शब्द आपण जसे वेडेवाकडे म्हणू, तसे. एक खूण अर्धवट, दुसरी उलटीच. दादा त्यांच्या हातांवरून नजर हलवत नव्हते. शेवटी मावशी म्हणाल्या, "आणि हे तर सारखं. हे किती वेळा केलं असेल," आणि त्यांनी तळहात स्वतःकडे ओढून दाखवला. पुन्हा ओढला. पुन्हा.

ताईंनीही मला तळहात स्वतःकडे ओढून दाखवला. "ही खूण कुणालाही कळते गं," त्या म्हणाल्या. "त्याला शाळा लागत नाही."

ये. ये. ये.

दादांनी मावशींना नमस्कार केला. परतीच्या बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले. ताईंनी दोनदा खांद्याला हात लावला, त्यांनी वळून पाहिलं नाही. तिसऱ्यांदा ताईंना दिसलं की त्यांनी डोळे मिटून घेतलेत. भांडणात वहिनी घ्यायच्या तसे.

दादांनी काम सोडलं नाही. पण कारखान्यातली माणसं म्हणतात, हात कमी झाले. म्हणजे कामाचे नव्हेत, बोलण्याचे. त्या दोघांच्या काही खुणा अशा होत्या, ज्या शाळेत शिकवत नाहीत, बहिऱ्यांच्या मेळाव्यातही कुणाला कळत नाहीत, बावीस वर्षांत घरातच तयार झालेल्या. शेजारणीसाठी एक, कंटाळा आलाय पण रागावलेली नाहीये यासाठी एक. ताईंनासुद्धा त्यातल्या निम्म्याच येतात. आता त्या पुऱ्या जाणणारा माणूस एकच उरला आणि त्याला त्या दाखवायला समोर कुणी नाही. दादांनी कपाटातली हार्ड डिस्क बाहेर काढली. क्लाउडमधलंही सगळं मी त्यांना उतरवून दिलं, तीन प्रती करून. त्यांनी हरकत घेतली नाही. जागेबद्दल ते आता काही विचारत नाहीत. रोज काही नवं साठतच नाही.

मी ते दुकान दोन वर्षांपूर्वी सोडलं. आता एका शाळेच्या कार्यालयात काम करते. मधल्या काळात शनिवारी शनिवारी ताईंकडे जाऊन मी खुणा शिकले, पन्नाससाठ येत असतील. दादा मला अधूनमधून व्हिडिओ पाठवतात. सुरुवातीला माझ्या खुणांचं शुद्धलेखन तपासायलाच पाठवायचे बहुतेक, कारण माझ्या उत्तरावर त्यांचा पुढचा व्हिडिओ यायचा त्यात ते माझा चुकलेला हात करून दाखवायचे आणि मान हलवायचे.

गेल्या आठवड्यात एक आला. छोटासाच, वीस सेकंदांचा. मागे त्यांच्या घराची भिंत, दाराजवळचा तो दिवा. तीनदा पाहिला, तरी मला अर्थ लागेना. कार्यालय सुटल्यावर मी तो तसाच घेऊन ताईंकडे गेले. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि फोन मांडीवर उलटा ठेवला.

"विशेष काही नाही," त्या म्हणाल्या. "आज दिवसभरात कुणाशी बोललो नाही, म्हणून पाठवतोय, म्हणतो."

त्यावर काय म्हणायचं ते मी ताईंकडून शिकून घेतलं. तिथेच, त्यांच्या पायरीवर बसून, ताईंना फोन धरायला लावून उत्तर पाठवलं. दोनदा चुकलं म्हणून तिसऱ्यांदा केलं. वरच्या मजल्यावर दादांचा दिवा लागलेला दिसत होता.